चौतीस नंबरची बाहेरची लाइन

ही गोष्ट खरी आहे, एवढंच सांगते. पटवून द्यायला माझ्याकडे काही नाही.

जिच्यावर हे गुदरलं ती माझी सख्खी मावशी. तिखटमीठ लावून बोलणं तिला कधी जमलंच नाही. सिनेमा पाहून आली तरी अख्खी गोष्ट चार वाक्यांत संपवणारी बाई आहे ती. ही एकच गोष्ट तिने मला सलग दोन तास सांगितली... आणि मधे एकदाही पाणी प्यायली नाही.

अट एकच होती. नावं घालायची नाहीत. गावाचं नाही, ऑफिसचं नाही, माणसांचं तर नाहीच.

तर, बुधवार होता. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

बाहेर लख्ख ऊन. ऑफिस माणसांनी भरलेलं. वरच्या मजल्यावर टाइपिंगची टकटक, जिन्यात चपलांचे आवाज.

आणि जिन्याखालच्या काचेच्या खोलीत माझी मावशी, कानाला हेडफोन लावून, दगडासारखी बसलेली.

पण बुधवारच्या आधीचं सांगायला हवं.

मावशी टेलिफोन ऑपरेटर होती. छपाईची शाई बनवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात. तीन मजली इमारत, मागे पटांगण, पटांगणापलीकडे स्टोअर. बाहेरच्या लाइनी चार, आतली एक्स्टेन्शन्स अठ्ठेचाळीस. कोणी आपल्या टेबलावरून शून्य दाबून बाहेर फोन लावला की मावशीच्या बोर्डवर त्या लाइनीचा दिवा लागायचा. फोन ठेवला की कोपऱ्यातला प्रिंटर करकरत एक ओळ छापायचा. कुठल्या एक्स्टेन्शनवरून, कुठल्या नंबरला, किती वाजता, किती मिनिटं. तो कागद खालच्या खोक्यात घड्या पडत साचायचा. वाचत कोणीच नव्हतं.

सगळं ऑफिस तिला हॅलोबाई म्हणायचं.

काकांचा आवाज तिने आधी ऐकला. माणूस नंतर पाहिला.

काका तिथले स्टोअरकीपर. शाईचे ड्रम, आलेला माल, गेलेला माल. बाकीचे लोक फोन उचलून "साहेबांना द्या" म्हणून खेकसायचे. काका म्हणायचे, "बाई, जरा साहेब देता का?"

त्या "जरा"वर माझी मावशी भाळली. खोटं कशाला सांगू, ती मुद्दाम म्हणायची, "लाइन बिझी आहे हं, थांबा." मग नुसती त्यांची थांबलेली चाहूल ऐकत बसायची. दोन वर्षं हे चाललं. मग एक दिवस काकांनीच विचारलं, "साहेबांची लाइन खरंच इतकी बिझी असते का हो?"

लग्न झालं तेव्हा मावशी चौतिशीची, काका चाळिशी ओलांडलेले. विधुर. पहिली बायको लांबलेल्या आजारात गेली त्याला तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

काकांनी पहिलीचा फोटो स्वतःहून कपाटात ठेवला होता. घर नवं घेतलं. भांडीसुद्धा नवी. तिचं नाव कधी काढलं नाही.

"काढलं असतं तर बरं झालं असतं," मावशी म्हणते. "जिचं नाव निघतं तिच्याशी निदान भांडता तरी येतं."

काका चहा ढवळून झाला की चमचा कपाच्या कडेला दोनदा टेकवायचे. टक, टक. मावशीला वाटायचं, ही त्या पहिलीची सवय. उशीचे अभ्रे ते तीन घड्या घालून ठेवायचे. हेही तिनेच शिकवलेलं असणार. रात्री झोपेत कूस बदलताना ते भिंतीकडची बाजू रिकामी सोडायचे. त्या रिकाम्या जागेकडे बघत मावशी पहाटेपर्यंत जागी पडायची.

मेलेल्या बाईचा मत्सर कुणाला सांगणार? लोक हसतील. मावशी गिळून बसली.

लग्नाला दीड वर्ष झालं, आणि साहेबांनी तिला बोलावलं.

"हॅलोबाई, ऑफिसच्या फोनवर लोकांचे संसार चाललेत. ज्यांना गरज नाही त्यांची बाहेरची लाइन बंद करा."

हे काम बोर्डवरूनच करता यायचं. प्रत्येक एक्स्टेन्शनला एक दर्जा दिलेला असायचा. तीन म्हणजे कुठेही फोन लावा. दोन म्हणजे देशात. एक म्हणजे गावातल्या गावात. आणि शून्य म्हणजे फक्त ऑफिसातल्या ऑफिसात. तिथून बाहेर फोन लावायला गेलं की नुसतं टूं टूं टूं.

कुणाची लाइन बंद करायची हे ठरवायला मावशीने खोक्यातला कागद बाहेर काढला. टेबलावर पसरला. पट्टी लावून एकेक ओळ वाचत गेली. अकरा एक्स्टेन्शन्स निघाली. कोणी मेहुणीशी गप्पा मारत होतं, कोणी गाण्यांच्या फर्माइशी कळवत होतं. मावशी वाचता वाचता हसत होती.

मग पट्टी थांबली.

एक्स्टेन्शन चौतीस. चार वाजून दहा मिनिटं. अकरा मिनिटांचा फोन.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चौतीस. चार दहा. अकरा मिनिटं. नंबर तोच, सहा आकडी, गावातला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा...

चौतीस म्हणजे स्टोअर. स्टोअरमध्ये फोन एकच, आणि बसणारा माणूसही एकच.

आणि चार ते साडेचार ही मावशीची चहाची सुट्टी. त्या वेळात बोर्ड आपोआप चालायचा. ती जागेवर नसते हे काकांना पक्कं माहीत होतं.

मावशीने कागद मागे मागे उलगडला. महिना, सहा महिने, वर्ष. सुट्टीचे दिवस सोडले तर एक दिवस चुकलेला नव्हता. शेवटी जिथे पहिली ओळ सापडली, तो सोमवार होता. लग्नाची रजा संपवून दोघं कामावर परत आले, तो सोमवार.

खोक्यातला कागद आणखी वर्षभर मागे जात होता; त्यात चौतीसवरून त्या नंबरला एकही फोन नव्हता.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. मेलेलीचा मत्सर करत दीड वर्ष घालवलं, आणि हा माणूस जिवंत कुणाशी तरी रोज अकरा मिनिटं बोलतो! घरी तर सबंध संध्याकाळभरात अकरा वाक्यं होत नाहीत.

विचारायचं धाडस झालं नाही. तिने दुसरंच केलं. अकरा नंबरांच्या यादीत बारावा टाकला. बोर्डवर चौतीस दाबलं. दर्जा शून्य.

"आता बोला," ती स्वतःशीच म्हणाली.

सोमवारी ती चहाला गेलीच नाही. घड्याळाकडे बघत बसली.

चार दहा झाले...

तिसऱ्या लाइनीचा दिवा लागला.

दुसऱ्या कुणाचा असेल म्हणून तिने बोर्डवर तपासलं. चौतीस. दर्जा तपासला. शून्य. पुन्हा शून्य केला. दिवा तसाच.

तिने आतल्या फोनवरून स्टोअर लावलं. खरं तर लाइन गुंतलेली यायला हवी होती.

पण घंटी वाजली. काकांनी उचलला.

"स्टोअर."

"अहो... तुम्ही फोनवर आहात ना?"

"तुझ्याशीच तर बोलतोय."

"बाहेर कुणाला लावलाय?"

"बाहेर? अगं, तूच बंद केलीस ना लाइन? आणि मला कुणाला लावायचाय?"

दिवा लागलेलाच होता. चार एकवीसला विझला. प्रिंटर करकरला. चौतीस. अकरा मिनिटं.

मंगळवारी तिने एक्सचेंजच्या मेकॅनिकला बोलावलं. गलेलठ्ठ, हसतमुख माणूस, तोंडात सतत बडीशेप.

"हॅलोबाई, हे यंत्र आहे, नवरा नाही. सांगितलं की ऐकतं." त्याने स्टोअरमध्ये जाऊन फोन तपासला. शून्य दाबलं, टूं टूं टूं. परत आला. "ठणठणीत बंद आहे. तुमचा प्रिंटर खुळावलाय."

"चार दहापर्यंत थांबा," मावशी म्हणाली.

तो थांबला. चार दहाला दिवा लागला. त्याने भुवया उडवल्या. मग भिंतीवरची पेटी उघडली, चौतीसच्या दोन तारा शोधल्या आणि उपटून हातात घेतल्या. आता स्टोअरचा फोन म्हणजे नुसतं डबडं.

दिवा विझला नाही.

मेकॅनिकचं चघळणं थांबलं.

कागदावरचा तो सहा आकडी नंबर त्याने आपल्या चाचणीच्या फोनवरून फिरवला. रेकॉर्ड केलेली बाई बोलली. हा नंबर अस्तित्वात नाही. त्याने पुन्हा फिरवला. नंबर अस्तित्वात नाही.

आणि समोर त्याच नंबराशी तिसरी लाइन बोलत होती.

चार एकवीस. दिवा विझला. त्याने तारा घाईघाईने जागेवर बसवल्या, पिशवी उचलली. दारात वळून एवढंच म्हणाला, "बाई, ऐकू नका हं. काय वाट्टेल ते करा, पण हेडफोन लावून ऐकू नका."

पुढच्या वेळी एक्सचेंजने दुसरा मेकॅनिक पाठवला.

बुधवारी काकांना ताप होता. ते घरी झोपले होते. स्टोअरला कुलूप, आणि किल्ली मावशीच्या पर्समध्ये. दुपारभर ती सारखी पर्स उघडून किल्ली चाचपत होती.

ऑपरेटरचा पहिला नियम असतो, दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही. बारा वर्षांत मावशीने तो एकदाही मोडला नव्हता.

चार दहा. तिसरी लाइन. चौतीस.

तिने हेडफोन चढवला... बटण दाबलं.

आधी खरखर. मग काकांचा आवाज.

"...जेवलीस का?"

"दोन घास." बाईचा आवाज. थकलेला, पण आत कुठेतरी हसरा.

"दोनच?"

"तुम्ही आलात की खाईन."

"बरं, खिडकीतून आज काय दिसतंय?"

"समोरच्या गच्चीवर लाल चादर वाळत घातलीय. कालची निळी काढली. आणि तो जाडा माणूस आज दोरीच्या उड्या मारायला आला होता. तीन मारल्या आणि बसला."

काका हसले.

मावशीने ते हसणं कधी ऐकलं नव्हतं. पोटातून आलेलं, मोकळं, तरुण. दीड वर्ष एका घरात राहून तिच्या वाट्याला त्यातलं चिमूटभरही आलं नव्हतं.

भीती वाटायला हवी होती. पण मावशी मला म्हणाली, "खरं सांगू? आधी आग आग झाली. भीती नंतर आली."

घरी गेली तर काका शाल गुंडाळून पडलेले. ताप उतरला होता, आवाज बसलेला. त्या घशातून हसूच काय, शब्दही नीट फुटत नव्हता. तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि तो सहा आकडी नंबर हळूच म्हटला.

काकांनी डोळे उघडले. एक क्षणही विचार न करता म्हणाले, "आमच्या घरचा."

आमच्या.

"तुला कुठे मिळाला? ती बिल्डिंग पाडून चार वर्षं झाली."

मग छताकडे बघत, तिच्यापाशी पहिल्यांदाच, ते त्या बाईबद्दल बोलले. ती दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. पलंग खिडकीशी. दुपारी चहाच्या सुट्टीत काका स्टोअरमधून तिला फोन करायचे. सुट्टी चारला सुरू व्हायची, दहा मिनिटांत चहा घशात ओतून स्टोअरमध्ये परत यायचं आणि पुढची अकरा मिनिटं तिची.

"काय बोलायचात?"

"काही नाही ग. तिला जे दिसायचं ते ती सांगायची."

"आणि हे... आपल्या लग्नानंतर कधी..."

"वेडी आहेस का?" काका म्हणाले आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

शहाण्या माणसाने यानंतर बोर्डकडे चार वाजता फिरकू नये. मावशी रोज बसली. नऊ दिवस.

चहा सुटला, जेवण सुटलं. चार दहाची वाट बघायची आणि ऐकायचं. जाड्या माणसाच्या उड्या पाचवर गेल्या. लाल चादर गेली, पिवळी आली. काका त्या बाईला चिडवायचे, ती लटकं रागवायची. काचेतून मावशीला पटांगणापलीकडे खरे काका दिसायचे. स्टोअरच्या दारात उभे, ड्रमवर खडूने खुणा करत, तोंड मिटलेलं. आणि तेच काका तिच्या कानात खदखदून हसत असायचे.

ती त्या बाईचा शब्द न् शब्द मनात घोकायची. घरी जाऊन स्वतः तसं बोलून बघायची. एकदा जेवताना म्हणाली, "समोरच्या गच्चीवर आज हिरवी चादर आहे हं."

काकांचा घास हातातच राहिला. हात धुवून बाहेर गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

दहाव्या दिवशी फोन नेहमीसारखा सुरू झाला. जेवलीस का, दोन घास, आणि खिडकी. आणि मधेच ती बाई थांबली.

"ऐका ना..."

"काय ग?"

"कोणीतरी आहे."

"कुठे?"

"लाइनवर. श्वास ऐकू येतोय. बाईचा आहे."

मावशीने श्वास रोखला.

"कोणी नाही ग," काकांचा आवाज म्हणाला.

"आहे."

"कोणी नाही. तू बोल."

कोणी नाही!

मावशी म्हणते, त्या दोन शब्दांनी डोक्यात तिडीक गेली. भुतंखेतं, मेकॅनिकची ताकीद, सगळं विसरली. बोलायचं बटण दाबलं आणि म्हणाली, "कोणी नाही कसं? मी आहे. त्यांची बायको!"

काकांचा आवाज तुटला. मधेच, कात्रीने कापावा तसा.

राहिली ती बाई.

मग ती अगदी सौम्यपणे, परक्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "हो का? मग जरा फोन ठेवता का? आमचं बोलणं चाललंय."

"नाही ठेवणार," मावशी म्हणाली. "ही लाइन मी बंद केलीय. इथून तुम्हाला फोन लागायलाच नको."

"बंद केलीय?"

"हो. मीच. यांनी तिथून कुणालाच फोन करायचा नाही."

पलीकडे ती बाई विचार करत असावी. मग तिने विचारलं. रागाने नाही. नवीन काही कळलं की माणूस विचारतो ना, तसं.

"असं बंद करता येतं?"

मावशीने बटणावरचं बोट उचललं.

"मला माहीतच नव्हतं," ती बाई म्हणाली.

फोन ठेवल्याचा आवाज आला. दिवा विझला. प्रिंटरने त्या दिवशी ओळ छापली नाही.

दुसऱ्या दिवशी चार दहाला काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मावशीला आपण जिंकल्यासारखं वाटलं. संध्याकाळी ती काकांसाठी नवा शर्ट घेऊन गेली. काकांनी घालून दाखवला. दोघं हसलेसुद्धा.

शनिवारी मावशीला सुट्टी, काकांना अर्धा दिवस काम. बाराच्या सुमारास घरचा फोन वाजला. मावशीने उचलला.

"हॅलो?"

काही नाही. लाइन मेलेली नव्हती. मेलेल्या लाइनीचा आवाज ऑपरेटरला ओळखू येतो. ही चालू होती... कोणीतरी तोंडावर हात ठेवून धरावी तशी.

तिने ठेवून दिला.

दीड वाजता काका आले. हातातल्या पिशवीत दूध आणि दोन वह्या.

"वह्या कशाला?"

"तूच म्हणालीस ना मघाशी. फोनवर."

मावशीने पिशवी हातात घेतली आणि तशीच उभी राहिली.

सोमवारी ऑफिसात आतल्या फोनवर चौतीसचा दिवा लागला. तिने "ऑपरेटर" म्हटलं. शांतता. कितीदा हॅलो म्हटलं तरी शांतता. थोड्या वेळाने काका पटांगणातून जाताना काचेशी थांबले आणि हसून म्हणाले, "आज फार वेळ थांबवून ठेवलंस हं मला."

बाकी सत्तेचाळीस एक्स्टेन्शन्स तिला स्वच्छ ऐकू येत होती.

मावशीने वर्षभरात बोर्ड सोडला. पाठवणी विभागात बदली मागून घेतली. कानाच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आली. कान उत्तम. घरचं फोनयंत्र बदललं, नंबर बदलला. पुढे मोबाइल आले. तिला वाटलं, आता तारच नाही, आता सुटले.

मोबाइलवर काकांचा फोन येतो. ती उचलते. आणि तीच हात ठेवलेली शांतता.

एकदा तिने काकांना सगळं सांगितलं. चौतीसपासून. काका शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "चल, आत्ता बघू. मी आतल्या खोलीतून लावतो."

ते आत गेले. दार लोटलं. मावशी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी. मोबाइल वाजला. तिने उचलून कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं. बोटांचे वळ गालावर उठले, इतकं घट्ट.

फोनमध्ये काही नाही.

पण दारामागून काकांचा आवाज येत होता...

"हां, येतंय का ऐकू?"

थोडा वेळ शांत.

"मग? मी म्हटलं नव्हतं?"

पुन्हा शांत. या वेळी जास्त वेळ.

आणि मग काका हसले. पोटातून. मोकळे.

मावशीने तोंडावरचा हात काढला नाही. दार उघडून काका बाहेर आले. डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या, हसून हसून येतं तसं पाणी.

"बघ! बोललीस की चांगली," ते म्हणाले. "फोनवर इतकी छान बोलतेस. घरात का नाही बोलत तशी?"

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. दोघंही निवृत्त. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. काका चष्मा दुरुस्त करायला बाहेर गेलेले. मावशी माझ्यासमोर बसून मटार सोलत होती. तिचा मोबाइल वाजला. काकांचा फोन. तिने बघितलं आणि माझ्याकडे सरकवला.

"तू घे."

मी घेतला. "काका, मी बोलतेय."

काही नाही. मी चार वेळा हॅलो म्हटलं. पलीकडे जागा आहे, एवढं मात्र कळत होतं. खोली असावी. खिडकी उघडी असल्यासारखी हवा. मी घाबरून बंद केला.

अर्ध्या तासाने काका आले. कपाळावर घाम, चेहऱ्यावर हसू. मला म्हणाले, "अरे, तू कधी आलीस? ही बोलली नाही मला फोनवर."

"काय बोलले मी फोनवर?" मावशीने विचारलं. मान वर केली नाही.

"आता माझ्या तोंडून ऐकायचंय होय?" असं म्हणून काका लाजल्यासारखे हसले. सत्तरीचा माणूस. आणि गुणगुणत हातपाय धुवायला गेले.

मावशीचे हात थांबले होते. मी म्हटलं, "मावशी, जाऊ दे ना. इतकी वर्षं झाली. तिने काही वाईट तर केलं नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. इतकं जळतं काही मी माणसाच्या डोळ्यांत पाहिलेलं नाही.

"ती काय करते ते मला माहीत आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "मला एकच सांग. बारा वर्षं संसार केला यांनी तिच्याशी. रोज फोन केला. तिचा आवाज यांना ओळखू येत नसेल?"

आत नळ चालू होता. काका अजून गुणगुणत होते.